ज्वालामुखीच्या दारी

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांभोवती प्रवासी जहाजे फिरतात. अशा सफरीला निघालेले एखादे दांपत्य सकाळी हिलो बंदरात उतरते आणि वाटाड्या न घेता, भाड्याच्या मोटारीने किलाउएआ ज्वालामुखी पाहावयास जाते. १९१६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानातील हे स्थळ बंदरापासून सुमारे ४८ किलोमीटरांवर आहे.

वाटाड्या नसला की मनाजोगे थांबता येते. परंतु सारी जबाबदारी आपल्यावर येते. उशीर झाल्यास जहाज थांबत नाही. म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी. कोणत्या वाटा खुल्या आहेत, हे उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. गंधकयुक्त वायूंचा दमेकऱ्यांना त्रास होतो. थिजलेल्या लाव्हाचे कवच वरून भक्कम दिसले, तरी आतून पोकळ असू शकते. २०१८ च्या उद्रेकात या ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरील सातशेहून अधिक घरे नष्ट झाली. तेव्हा बंद वाटेचा फलक हा अडथळा नसून इशारा समजावा.

हवाईचे मूळ रहिवासी या स्थळास पेले देवीचे निवासस्थान मानतात. येथील दगड उचलून नेण्यास कायद्यानेही मनाई आहे.

सह्याद्रीचा काळा कातळही असाच थिजलेला लाव्हा होय. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. किलाउएआच्या कड्यावर उभे राहिले, की आपल्या डोंगरांचे बालपण कसे असेल, याची कल्पना येते.

विचार करा : वाटाड्याविना प्रवास करताना स्वातंत्र्याबरोबर कोणती कर्तव्ये येतात?