घरच्या संगणकावर चित्रफितीचे संकलन

चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडी हे औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. तेथील कारखान्यात नोकरी करणारे एक मराठी गृहस्थ भाचीच्या लग्नाच्या चित्रणाचे संकलन घरीच करू पाहत आहेत, अशी कल्पना करा. संगणक जुना; चित्र सारखे अडखळते. वर्षभर साठवलेली रक्कम हाती आहे. ती नव्या संगणकावर खर्च करावी काय?

आधी थोडे गणित करू. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास, सुमारे ६२ लाख बाइटांचे होते. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे साडेपंधरा कोटी बाइट! एवढे ओझे वाहणे अवघड, म्हणून कॅमेरा चित्रण आकुंचित करून साठवतो. संकलनाच्या वेळी संगणकास ते क्षणोक्षणी उलगडावे लागते. अडखळण्याचे मूळ बहुधा येथेच असते.

यावर बिनखर्चाचा एक उपाय आहे. चित्रणाची कमी बिंदूंची हलकी प्रत करून तिच्यावर काटछाट करावी. अखेरची फीत तयार होताना संगणक मूळ चित्रणच वापरतो. तेवढ्याने न भागल्यास रॅम वाढवावी, फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवावी. प्रोसेसरच दुबळा असेल, तरच नवा संगणक घ्यावा.

(१९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्म धुण्याच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा हातभार होता. घरच्या माणसांची ही उमेद जुनीच!)

उरलेल्या पैशांतून आणखी एक हार्ड डिस्क घ्यावी आणि मूळ चित्रणाची प्रत तीत ठेवावी.