आधी माल ओळख, मग भांड

बाळा, डिस्ट्रिब्युटरशिपचं पत्र आता तुझ्या नावावर झालं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मोबाईल पुढे करून विचारेल, "हाच माइक ऑनलाइन एवढा स्वस्त, मग तुमच्याकडे का नाही?" तेव्हा "तो बोगस आहे" असं चटकन म्हणायचं नाही. माल हातात घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. स्वस्तातला माल तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा. नक्कल केलेला तो डुप्लिकेट. कंपनीचाच, पण परदेशातून भलत्याच कोणी आणलेला तो ग्रे. आणि तिसरा आपल्याच साखळीतून फुटलेला. कंपन्या या तिघांनाही एकच छापील नोटीस पाठवतात, मग माल आहे तिथेच विकला जातो.

डुप्लिकेटचं त्यातल्या त्यात सरळ आहे. शुअरचा एसएम ५८ घे. १९६६ पासून बाजारात आहे, कीर्तनकारापासून ऑर्केस्ट्रावाल्यापर्यंत सगळ्यांना तोच हवा असतो, म्हणून नकलाही त्याच्याच फार. काउंटरवर डिजिटल काटा कायम ठेव. अस्सल नग २९८ ग्रॅम भरतो. त्याच्या मुठीत ट्रान्सफॉर्मर असतो आणि नक्कल करणारा बहुतेक तिथेच काटकसर करतो. खाली केबल लागते तिथे पिनांशेजारी १, २, ३ असे आकडे आहेत का तेही पाहा. वजन कमी भरलं तर संशय धर. बरोबर भरलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नकोस, वजन जुळवलेल्या नकलाही येतात.

अशा मालावर छापा घालता येतो, पण तो तू घालायचा नाहीस. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे त्यासाठी निदान डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्यानेही आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. मार्क कंपनीचा आहे, तक्रार कंपनीने करायची. आपलं काम नग, खोका आणि बिल जपून ठेवण्याचं. आपल्या लेटरहेडवर कोणालाही "कोर्टात खेचू" असं लिहू नकोस. निराधार धमकी मिळालेल्या माणसाला कलम १४२ खाली उलट आपल्यावरच दावा लावता येतो.

ग्रे मालाशी मात्र डोकं शांत ठेवून वागावं लागतं. परदेशी कंपनीचा माणूस येतो, "हे बेकायदा आहे, गिऱ्हाइकांना तसं सांगा" म्हणतो. त्याचं ऐकू नकोस. युरोपात बाहेर विकलेला माल परवानगीशिवाय आत आणला तर मार्कचा मालक तो अडवू शकतो. तिथल्या न्यायालयाने १९९८ मध्ये चष्म्याच्या फ्रेमच्या खटल्यात तसं ठरवलं. आपल्याकडे वारं वेगळं आहे. सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी आधी असा माल रोखला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये खंडपीठाने तो आदेश फिरवला. जगात कुठेही रीतसर विकला गेलेला अस्सल माल इथे आणून विकता येतो, असं खंडपीठ म्हणालं. पण विकणाऱ्याने ठळकपणे सांगायचं की माल कंपनीने आणलेला नाही, कंपनीची वॉरंटी नाही, दुरुस्तीची जबाबदारी माझी.

आपली लढाई इथे आहे, आणि ती जिंकण्यासारखी आहे. ऑनलाइनवाला हे सांगतो का? "एक वर्ष वॉरंटी" असं मोघम लिहून मोकळा होतो का? खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापणं २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. तो छाप आहे का? सिरीयल नंबर खरवडलेला आहे का? खरवडला असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्येच कंपनीला आधार मिळतो, कारण मालाची स्थिती बदलली तर मालक हरकत घेऊ शकतो. तक्रार या मुद्द्यांवर कर. अस्सल ग्रे नगावर "नक्कल" अशी तक्रार ठोकणारा माणूस स्वतःच खोटा पडतो, आणि पुढे त्याची खरी तक्रारही कोणी वाचत नाही.

हे सगळं कळायला नग विकत घ्यावा लागतो. मागवायचा, पार्सल फोडताना व्हिडिओ काढायचा, कुरिअरची पिशवीसुद्धा टाकायची नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता साइटवर असायलाच हवा, त्याचा स्क्रीनशॉट घे. मग बिलावरचा जीएसटी नंबर बघ. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ आपला, ०७ दिल्लीचा, २९ कर्नाटकचा. नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नोंदणीतलं नाव समोर येतं. पुष्कळदा ते ओळखीचं निघतं.

आता तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलते. मला सगळ्यात काळजी त्याचीच आहे. महिनाअखेरीला कंपनी स्कीम लावते, शंभर नग उचला, चार टक्के जादा. डीलरची विक्री चाळीसची, तो उचलतो शंभर. उरलेले साठ खरेदीभावाला, कधी त्याच्याही खाली, ऑनलाइनवाल्याला देऊन टाकतो. त्याचं काही जात नाही, पाठोपाठ क्रेडिट नोट येणार असते. माल अस्सल, बिल पक्कं, सिरीयल खरा; रेट मात्र सगळ्या बाजाराचा फुटतो. आणि त्याच महिन्यात तीच कंपनी "अनधिकृत विक्रेत्यांपासून सावध" अशी जाहिरात देते. मला याचा फार राग येतो, कारण यात मरतो तो नेमाने डेमो देणारा, केबल जोडून दाखवणारा छोटा दुकानदार.

म्हणून माल बाहेर पडताना प्रत्येक नगाचा सिरीयल नंबर बिलावर लिही. आळस करू नकोस. फुटलेला नग कोणत्या डीलरचा हे दोन मिनिटांत सांगता आलं, तर करारातल्या अटीला अर्थ आहे. पण "याच्या खाली विकायचं नाही" असा किमान भाव कोणाला बांधून देऊ नकोस. स्पर्धा कायद्याचं कलम ३ त्यावर बोट ठेवू शकतं, आणि एमआरपी ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. एरिया मॅनेजरशी भांडायचंच असेल तर एका गोष्टीसाठी भांड: टक्के उचललेल्या मालावर नकोत, गिऱ्हाइकाच्या नावाने नोंदवलेल्या वॉरंटीवर द्या. आणि स्वतः गोडाऊन भरून स्कीम घेऊ नकोस, मग ती कितीही गोड दिसो.

राहिलं गिऱ्हाईक. ते आपला शत्रू नाही. कोणी बाहेरून घेतलेला अँप घेऊन आला तर आधी मागची पट्टी वाच. अमेरिकेचा नग १२० व्होल्टचा असतो, जपानचा १०० चा. आपल्या २३० वर थेट लावला की जळतो. वॉरंटीत का बसत नाही ते नीट समजावून सांग, दुरुस्तीचा अंदाज आधी लिहून दे आणि रीतसर पैसे घेऊन काम कर. त्याची फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच कागदावर लिहून दे. गणपतीच्या दिवसांत तर कोणाला परत पाठवूच नकोस. त्याला संध्याकाळच्या आरतीला आवाज हवा असतो. शेल्फवरचा जुना डेमो अँप भाड्याने दे आणि त्याचा नग दुरुस्तीला घे.