निफाडहून नाटकाला, खिशाला परवडेल असं

प्रश्न : पती अडुसष्ट वर्षांचे, पत्नी चौसष्टच्या. दोघांनाही नाटक-गाण्याची ओढ, पण निवृत्तिवेतन बेताचं. निफाडकरांनी काय करावं?

उत्तर : नाशिक जवळच आहे आणि खर्चाचा पहिला भाग एसटीच हलका करते. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या प्रवाशांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. मार्च 2023 पासून महिलांनाही निम्मंच भाडं लागतं, त्यामुळे या जोडप्याला दोघांचं मिळून एकाच पूर्ण तिकिटाइतकं भाडं पडेल. आधारकार्ड मात्र जवळ हवं.

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात बाल्कनीची तिकिटं सहसा स्वस्त असतात. गुडघे कुरकुरत असतील, तर जिन्यांचा विचार करून चार पैसे जास्त मोजावेत, त्यात कंजुषी नको. रात्री साडेनवाचा प्रयोग संपेपर्यंत मध्यरात्र होते आणि परतीच्या गाडीची पंचाईत होते. रविवारचा दुपारचा किंवा संध्याकाळचा प्रयोग निवडावा, शेवटच्या गाडीची वेळ निघतानाच स्थानकावर विचारून ठेवावी.

खरी पर्वणी म्हणजे राज्य हौशी नाट्य स्पर्धा! नाशिक केंद्रावरच्या प्राथमिक फेरीत नाममात्र तिकिटात रोज नवं नाटक पाहायला मिळतं. कलाकार नोकरी-धंदा सांभाळून तालमी करतात. समोर भरलेल्या खुर्च्या दिसल्या की त्यांना बळ येतं.

गाण्यासाठी दिवाळीत नाशिकच्याच पिंपळपारावरची पाडवा पहाट आहे. प्रवेश विनामूल्य, पण मैफल पहाटे सुरू होत असल्याने आदल्या रात्री नाशिकच्या नातलगांकडे मुक्काम ठोकलेला बरा.