चंक्रमण आणि क्रीडांगण

शरीराकडे दुर्लक्ष केल्यानेच विद्या साध्य होते, असा एक समज निवासी शाळांतून नकळत रुजत असतो. दहावीचे वर्ष आले की पहिला बळी जातो तो क्रीडांगणाच्या तासाचा. आमच्या मते हा समज बौद्ध परंपरेला धरून नाही, आणि आपल्या इतिहासालाही नाही.

तथागतांनी देहाला क्लेश देणे जसे त्याज्य मानले, तसेच त्याचे लाड करणेही. या मध्यम मार्गाचे नित्याचे रूप म्हणजे चंक्रमण. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाचे श्रम सोसवतात, साधनेचे परिश्रम झेपतात, आरोग्य टिकते, खाल्लेले नीट पचते आणि चालताना लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ राहते. हा पाचवा लाभ विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. बुद्धगयेस महाविहाराच्या उत्तरेला चंक्रमणाची जागा आजही दाखवली जाते.

मैदान ही वस्तू आपल्या समाजांना सहजासहजी मिळालेली नाही. जोतीराव फुले यांनी दांडपट्टा शिकला तो पुण्यात लहूजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत. पुढे चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखीत आणि सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांची डावखुरी फिरकी पाहून हिंदू संघाने त्यांना घेतले खरे; पण चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी कर्णधारपद नाकारलेच गेले. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले, हा भाग वेगळा. त्यांच्या खेळाचे मोल त्याने उणावत नाही.) ज्या मैदानाच्या कडेला आपल्या माणसांना उभे केले जात होते, ते मैदान आज दारात असताना ओस पडावे, हे आम्हांस खटकते.

पाच ते सतरा वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळापत्रकातील दोन-तीन तासांनी हे भागत नाही. मात्र वसतिगृहात ते अवघड नाही. कबड्डीला साहित्य लागत नाही, खो-खोला दोन खांब पुरतात, लेझमीत सारा वर्ग सामावतो. विहाराचे आवार झाडणे, झाडांना बादलीने पाणी घालणे, हाही व्यायामच. तो शिक्षा म्हणून देण्याची पद्धत तेवढी बंद व्हावी.

मुलींचा प्रश्न याहून गंभीर आहे. सायंकाळी मुलींच्या वसतिगृहाचे दार लवकर लागते आणि मैदान मुलांच्या ताब्यात राहते, असे चित्र आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. मुलींची मैदानाची वेळ वेळापत्रकात लिहिलेली असावी, शिक्षकांच्या मर्जीवर सोडलेली नसावी. पाळीच्या दिवसांत खेळू नये हीदेखील निव्वळ रूढी होय. त्रास नसेल तर खेळण्यास कोणतीच हरकत नाही.

रात्रीच्या जेवणानंतर अभ्यासिकेत जाण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी मौनाने चंक्रमण करावे, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी भोजनगृहासमोरची वाट पुरेशी आहे. दहावीच्या मुलांनी परीक्षेच्या महिन्यातही ते सोडू नये.