गेनचा नॉब शेवटी

अगं, डिस्टॉर्शनचं पेडल घ्यायला निघाली आहेस, तर आधी घरातल्या अ‍ॅम्पकडे नीट बघ. कुठलं पेडल चांगलं हा प्रश्न त्यानंतरचा. एका अ‍ॅम्पपुढे भरदार वाटलेलं पेडल दुसऱ्यापुढे किरकिरं आणि पोकळ वाजतं, आणि त्यात पेडलचा काही दोष नसतो.

आत काय घडतं ते एकदा समजून घे, म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. गिटारकडून आलेला सिग्नल पेडलमध्ये इतका वाढवतात की सर्किटला तो पेलवत नाही आणि लहरींचे माथे कापले जातात. त्या कापाकापीतून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश जन्माला येतात. आपल्याला आवडणारा तो खरखरीतपणा त्यांचाच. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट होते, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. हलकेच छेडलेली तार आणि जोरात छेडलेली तार, दोन्ही जवळजवळ एकाच उंचीला येऊन बसतात. गेन जितका वाढवशील तितका हा फरक पुसला जातो. तुझ्या उजव्या हातात जे कसब आहे ते गेन खातो. पुढे मी जे काही सांगेन ते सगळं यातूनच निघतं.

माथे कुठे आणि कसे कापले जातात यावर पेडलचा स्वभाव ठरतो. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकच्या वाटेवर बसवलेले असतात. त्यामुळे कडा गोलसर राहतात आणि मूळ सिग्नलचा काही अंशही सोबत येतो. त्याचा खर्ज पातळ असतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगलेला असतो. प्रोकोच्या रॅटमध्ये डायोड सिग्नलच्या वाटेवरून थेट ग्राउंडला जोडलेले असतात, म्हणून काप सरळ आणि कडक. बॉसचं केशरी डीएस-१ हेही याच घराण्यातलं. ते १९७८ पासून बाजारात आहे आणि अजून बनतं.

आता अ‍ॅम्पकडे परत येऊ. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल आणि तो स्वतःच थोडा फुटायला लागला असेल, तर त्याच्यापुढे ट्यूब स्क्रीमर ठेव. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल पुष्कळ वर. पेडल स्वतः फारसं फुटत नाही. ते खर्ज आवरतं आणि अ‍ॅम्पला पुढे ढकलतं. स्टीव्ही रे वॉन यांच्यासारखे ब्लूज वाजवणारे हे पेडल वापरायचे, आणि मेटलवाल्यांनीही रिफचा खर्ज घट्ट करायला तेच उचललं. पण तुझ्याकडे ट्रान्झिस्टरचा छोटा, स्वच्छ आवाजाचा अ‍ॅम्प असेल, तर त्यापुढे एकटा ट्यूब स्क्रीमर नाकातून बोलल्यासारखा वाटेल. तिथे रॅट घे. सगळं काम तो स्वतः करतो, अ‍ॅम्पने फक्त आवाज मोठा करायचा. रॅटचा फिल्टर नॉब मात्र उलटा चालतो. उजवीकडे फिरवलास की आवाज मंद होतो. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो आणि चांगलं पेडल बोथट म्हणून परत देतो.

नॉब लावायचा क्रम सांगतो. तीनही नॉब मधोमध ठेवून सुरुवात करू नकोस. पहिल्यांदा गेन पूर्ण खाली. पेडल चालू-बंद करत लेव्हल अशी लाव की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा लागेल. हे फार महत्त्वाचं आहे, कारण माणसाच्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, आणि दुकानात याच भ्रमावर पेडलं खपतात. मग टोन. गेनला हात सगळ्यात शेवटी. हवा तेवढा खरखरीतपणा आला असं वाटलं की तिथून थोडा मागे घे आणि तोच रिफ पुन्हा वाजव, आता जरा जोर लावून. कमी पडलेला गेन बहुतेक वेळा हातातून भरून निघतो. पिक आडवा-तिरपा धरून बघ, ब्रिजजवळ वाजवून बघ, तळहाताची कड तारांवर टेकवून बघ. गेन कमी असेल तरच हे फरक ऐकू येतात.

खोलीत एकटीने लावलेलं सेटिंग बँडमध्ये टिकत नाही, हेही लक्षात ठेव. एकटं वाजवताना सगळ्यांनाच खर्ज आणि तीव्र पट्टी वाढवून मधला भाग खाली करावासा वाटतो, कारण कमी आवाजात कानाला हीच दोन टोकं कमी ऐकू येतात. पण बँडमध्ये खर्जाची जागा बेस आणि बास ड्रमची, वरची जागा झांजांची. गिटार राहते मधल्या भागात, आणि तोच तू कापलेला असतो. मग गिटार ऐकू येत नाही म्हणून सगळे आपापला आवाज वाढवत बसतात. तालमीच्या खोलीत गेलीस की मधला भाग वाढव आणि गेन घरच्यापेक्षा कमी कर. मोठ्या आवाजात तो आपोआपच जास्त वाटतो.

आता माझ्या आवडीचा भाग. तुझ्या आजोबांकडे बसून तू सूर शिकली आहेस, म्हणून तुला हे लगेच समजेल. रॉकमध्ये पॉवर कॉर्ड म्हणतात तो षड्ज आणि पंचम, एवढाच असतो. गंधार नाही. कारण डिस्टॉर्शन दोन स्वरांमधल्या अंतराचाही एक नवा स्वर तयार करतं. षड्ज-पंचमाचं प्रमाण दोनास तीन. त्यांच्या वजाबाकीतून बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज निघतो आणि दोन तारांचा कॉर्ड एकदम भव्य वाटतो. गंधार घेतलास की प्रकरण बिघडतं. गिटारच्या पट्ट्यांवरचा शुद्ध गंधार, पेटीवरच्या गंधारासारखाच, चार-पाचाच्या शुद्ध प्रमाणापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. स्वच्छ आवाजात तो खपून जातो. पण डिस्टॉर्शनमध्ये वजाबाकीचा जो स्वर खाली निघतो, तो अर्ध्या स्वराच्याही जवळपास दोन तृतीयांश इतका बेसूर लागतो. म्हणून पूर्ण मेजर कॉर्ड गढूळ होतो. त्यावर दोन उपाय. एक तर गेन इतका कमी ठेव की कॉर्डमधले स्वर वेगवेगळे ऐकू येतील, नाहीतर गंधार बेसवाल्याला किंवा गायकाला घेऊ दे. लांबलचक कॉर्ड धरायचा असेल तर गंधाराची तार किंचित उतरवूनही बघ. तानपुरा ऐकलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो.

फझ ही वेगळीच जात. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांचं ‘डोन्ट वरी’ ध्वनिमुद्रित होताना ग्रेडी मार्टिन यांचा बेसगिटारचा तुकडा मिक्सिंग टेबलाच्या बिघडलेल्या चॅनेलमधून गेला आणि फाटून बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला, आणि १९६१ साली ते गाणं गाजलं. पुढच्या वर्षी गिब्सनने तोच आवाज डबीत भरला. ती मायस्ट्रो फझ-टोन. तिला खरं गिऱ्हाईक मिळालं ते १९६५ मध्ये, कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वापरल्यावर. हेंड्रिक्स यांचं फझ फेस लंडनचं, १९६६ चं. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत, आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापलं की विद्युतगळती वाढते, आवाज तुटक आणि चिखलासारखा होतो. आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावर कार्यक्रम असेल तर असं पेडल उन्हात ठेवू नकोस. त्यापेक्षा सिलिकॉनचं घे, ते तितकं हटवादी नसतं. फझ फेस नेहमी गिटारच्या लगेच पुढे लाव, मध्ये बफर असलेलं दुसरं पेडल नको. त्याला थेट पिकअपशी जोडलं तरच गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की ते निवळतं, आणि त्याची सगळी मजा या निवळण्यातच आहे.

गिटारवरचा तो व्हॉल्यूम नॉब आपल्याकडची मुलं दहावर ठेवून विसरून जातात. सहा-सातवर ठेवून वाजवायची सवय लाव. सोलोला दहा, कडव्याला पाच. एकाच पेडलमधून तीन आवाज निघतील आणि पायाला धावपळ करावी लागणार नाही.

पेडलांचा क्रम साधा आहे. फझ, मग ओव्हरड्राइव्ह, मग डिस्टॉर्शन, आणि डिले-रिव्हर्ब त्यानंतर. डिले आधी ठेवलास तर प्रत्येक पडसादाचे माथे पुन्हा कापले जातात आणि सगळं एकात एक मिसळतं. हा नियम जाणूनबुजून मोडणारेही आहेत, पण आधी तो पाळून बघ.

आता विजेचं. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात, मधली पिन ऋण. जुन्या पद्धतीच्या काही जर्मेनियम फझमध्ये हे उलटं असतं. असं पेडल इतरांबरोबर एकाच साखळी अ‍ॅडॉप्टरवर लावू नकोस, त्याला वेगळी बॅटरी दे. अ‍ॅडॉप्टर जोडण्यापूर्वी पेडलमागचा आकडा वाच. जास्त व्होल्टेज एका क्षणात पेडल मारतं. ५० हर्ट्झची गुणगुण गेनने कित्येक पट वाढते, म्हणून सिंगल-कॉइल पिकअप असेल तर पंख्याच्या रेग्युलेटरपासून आणि मंडपातल्या डिमरच्या दिव्यांपासून लांब उभी राहा. गुणगुण घालवायची म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढून टाकायला सांगेल. ते कधीही करू नकोस, कितीही मोठा माणूस सांगत असला तरी. तारा तुझ्या हातात असतात, आणि अर्थिंग नसेल तर अ‍ॅम्पमधला बिघाड त्या तारांवाटे तुझ्या अंगात येतो. आणि बॅटरीवर वाजवत असशील तर वाजवून झालं की पेडलच्या इनपुटमधली केबल काढ. बहुतेक पेडलांत तिथेच बॅटरीचा स्विच असतो. केबल आत राहिली तर बॅटरी रात्रभर जळत राहते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. अ‍ॅम्प नेता आला नाही तर घरच्यासारखाच मागून घे. जुनं पेडल घेणार असशील तर प्रत्येक नॉब वाजवता वाजवता फिरव. थोडी खरखर असेल तर ती साफ करून जाते, त्यासाठी पेडल सोडू नकोस. जॅक हलवल्यावर आवाज गेला-आला तर मात्र किंमत कमी करून माग. फुटस्विच पुष्कळदा दाबून बघ. आणि सोलो नको वाजवूस, तुझ्या बँडच्या गाण्यांतले रिफ वाजव, कारण उद्या तालमीत तेच वाजवायचे आहेत.