नकार असेल तर पहिल्याच दिवशी सांगा

तांबी बसवलेली असूनही मला दिवस गेले. सातवा आठवडा चालू होता, दोन मुलं पदरात होती, आणि नवरा-बायकोचं ठरलं होतं. माझी दोन्ही बाळंतपणं केलेल्या बाईंकडेच गेले. त्यांनी 'नाही' म्हटलंच नाही. आधी सोनोग्राफी, मग रक्ततपासणी, मग "सासूबाईंशी बोललात का?", मग "पुढच्या मंगळवारी बघू." नववा आठवडा उलटल्यावर केसपेपर मिटत म्हणाल्या, "आमच्या धर्मात हे पाप आहे. माझ्याच्यानं व्हायचं नाही." गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची, ती गेली. मग दुसरीकडे भूल घेऊन पिशवी साफ करून घ्यावी लागली.

बाईंच्या श्रद्धेवर माझा राग नाही. मनाविरुद्ध हात चालवणारा डॉक्टर मलाही नको. राग आहे तो नकार लपवून माझे आठवडे घालवल्याचा.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्वच्छ लिहिलंय की वैद्यकीय कारण असताना निव्वळ धर्माच्या नावाखाली नसबंदी, गर्भनिरोधन किंवा गर्भपात नाकारता येत नाही. तांबी फसणं हे कारण गर्भपाताच्या कायद्याला मान्य आहे. पण श्रद्धा आड येत असेल तर डॉक्टरने ते कधी सांगायचं, पेशंटला कुठे पाठवायचं, याबद्दल 1971 चा तो कायदा गप्प आहे. उघड नकाराला वाट नाही, म्हणून तो 'पुढच्या मंगळवारी'च्या आड लपतो, असं मला वाटतं. बेळगावच्या सविता हलप्पनवार 2012 मध्ये आयर्लंडमध्ये गर्भपात नाकारला गेल्यावर दगावल्या. तेव्हा तिथला कायदाच आडवा आला होता. 2018 च्या नव्या कायद्याने डॉक्टरला नकाराची मुभा दिली, पण पेशंटची दुसरीकडे सोय लावणं बंधनकारक केलं. जिवावर बेतलं असेल तर ही मुभा नाही. आपल्याकडेही असंच हवं.

तोवर बायांनो, नंबर लावतानाच विचारा: "गर्भपाताची मान्यता आहे का? डॉक्टर स्वतः करतात का?" उत्तर गोलमोल आलं तर त्याच दिवशी दुसरं हॉस्पिटल गाठा. सोनोग्राफीचा रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा, नकार केसपेपरवर लिहून मागा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करताना तो कागद लागेल. सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते, नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही.

आणि डॉक्टरमंडळींनो, तुमच्याच्याने होणार नसेल तर पहिल्या भेटीतच सांगा, आणि जो करतो त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.