नितळ टोमॅटोचं सार

रूमवर कोणाला ताप आला की पहिली अडचण जेवणाची. मेसची झणझणीत भाजी घशाखाली उतरत नाही आणि पाकिटातलं सूप कॉर्नफ्लॉवरमुळे घट्ट होतं. अशा वेळी आठवतं ते आईच्या हातचं पातळ सार. ते अवघड नाही. फक्त त्यामागचं शास्त्र समजून घ्यावं.

टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, ते गरातच राहतं. आंबटपणा, साखर आणि क्षार मात्र पाण्यात उतरतात. म्हणून गर गाळून काढला तरी चव हरवत नाही.

४ पिकलेले टोमॅटो चिरून त्यात ३ कप पाणी, आल्याचा तुकडा, ४ मिरे आणि मीठ घाला. मंद आचेवर १५ मिनिटं उकळा. भांडं स्टीलचं घ्या; आंबटामुळे ॲल्युमिनियम झिजतं. मिक्सरला लावू नका. ओल्या सुती कापडातून गाळा. सोलापुरात कापडाला काय तोटा! पण टर्किश टॉवेल नको, त्याचे तंतू सुटतात; जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा उत्तम. घाईने पिळलंत, की सार गढूळ झालंच. आपोआप ठिबकू द्या.

शेवटी चमचाभर तुपात जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी आणि चिमूटभर साखर. दोघांना पुरतं. उरलेला गर वरणात घाला.

रंग फिकट आला म्हणून खट्टू होऊ नका, तीच खरी खूण. आणि हो, सार म्हणजे औषध नव्हे. ताप उतरला नाही तर सरळ डॉक्टर गाठा.